अडचण काही नाही

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. तीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होते. शिवणाऱ्या बायका शिवायच्या, बटणवाल्या बटणं लावायच्या आणि शेवटी सगळा माल माझ्या टेबलावर यायचा. कॉलर वाकडी, टाका सुटलेला, खिसा एक सूतभर खाली, असं काही दिसलं की लाल पट्टी चिकटवायची आणि शर्ट परत पाठवायचा. दिवसाला चारशे शर्ट. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधल्यावर घरी येताना डोळे काय कारखान्यात ठेवून येता येतात? नळवाला आला, त्याला बोलले. रंगारी आला, त्याला बोलले. आमचे हे बस चालवायचे, उभी हयात बस चालवली त्यांनी, त्यांनाही गाडी कशी लावायची ते मी सांगायचे. जित्याची खोड आहे ती, कुठे जाणार.

पण एकदा ती मला फार महागात पडली. थोरल्याचं लग्न झालं, सून आली. गुणाची पोरगी होती. मी तिला छळलं वगैरे नाही हं, भलतंसलतं मनात आणू नका. दिसेल ते बोलत गेले, इतकंच. पडदा तिरका लागलाय. चादरीचा एक कोपरा लोंबतोय. कपबशा अशा ठेवतात का? ती मान खाली घालून कोपरा नीट करायची आणि मला वाटायचं, शिकतेय. सहा महिन्यांनी थोरला म्हणाला, "आई, आम्ही ऑफिसच्या जवळ घर बघितलंय." ऑफिस आमच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. आता तर ते दुसऱ्या शहरात असतात. रविवारी थोरल्याचा फोन येतो, मागून सून म्हणते, आईंना नमस्कार सांगा, आणि तो तेवढं सांगतो.

म्हणून धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा मी कानाला खडा लावला. ह्या सुनेला नावं ठेवायची नाहीत. तिने काहीही करू दे, कसंही करू दे, आपण म्हणायचं, छान गं. ह्यांना मी तसं सांगितलंही. हे म्हणाले, "तुला जमेल?" मी म्हटलं, "बघाच."

धाकटी सून डिझायनर आहे असं कळलं तेव्हा मी मनातून चरकले, कारण मला वाटलं कपड्यांची, आणि कपड्यांपुढे माझी जीभ किती दिवस गप्प बसणार? पण ही कपड्यांची नव्हती. घरात रोज लागणाऱ्या वस्तू ही बनवते. साबणाची डबी, किसणी, स्टूल, झाडू. सव्वीस वर्षांची पोर, केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांना कायम डिंक लागलेला. लग्नाला आठ दिवस झाले नसतील, मला म्हणते, "आई, तुम्ही कपाटाचं दार गुडघ्याने का लावता?" मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं मी गुडघा लावते म्हणून. संध्याकाळी तिने बिजागरीखाली एक पातळ चकती घातली आणि दार बोटाने बंद व्हायला लागलं. मला ती त्या दिवसापासून आवडली. सांगितलं मात्र नाही, असलं बोलायची मला सवय कुठे.

तिचं कामच तसं. लोकांच्या घरी जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि माणसं काय करतात ते नुसतं बघायचं. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही. मग कंपनीत येऊन पुठ्ठ्याचे, फोमचे, कसले कसले नमुने करायचे आणि थोडे घरी आणायचे. एकदा तिने कपडे वाळत घालायचे चिमटे आणले, कपड्यावर खूण न पाडणारे. खूण पडायची नाही हे खरं, कारण ते कपडा धरायचेच नाहीत. ह्यांचं बनियन मी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून मागून आणलं. संध्याकाळी तिने विचारलं, "कसे आहेत?" मी म्हटलं, "छान गं." धाकटा पेपराआडून हसत होता, त्याला मी डोळे वटारले. ते चिमटे पुढे कंपनीनेच रद्द केले, त्यामुळे माझ्या खोट्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

मग तीन महिन्यांपूर्वी तिने निथळझाकण आणलं.

आपण बटाटे, शेंगा काही उकडलं की पातेल्यावरचं झाकण थोडं सरकवतो, दोन्हीकडून फडक्याने धरतो आणि जीव मुठीत घेऊन सिंकमध्ये पाणी ओततो. ते तिने कुणाच्या तरी घरी बघितलं होतं. तिचं झाकण पातेल्यावर ठेवून फिरवलं की दोन्ही कानांत अडकायचं, आतली रबराची कडी ते घट्ट धरायची आणि एका बाजूच्या भोकांतून पाणी निथळून जायचं. सगळं एका हाताने. आजवर तिने दुसऱ्यांच्या वस्तूंना हातभार लावला होता, ही पहिली तिची स्वतःची. साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, हे जमलं तर पुढचं काम तुझं, नाही जमलं तर परत दुसऱ्यांची ड्रॉइंगं नीटनेटकी करायला बसायचं.

"आई, पाच घरांत एकामागून एक, पंधरापंधरा दिवस देणार आहोत," ती म्हणाली. "आणि एक लांब मुदतीची चाचणी आहे. नऊ आठवडे, रोज दोनदा. ती तुम्ही कराल?"

नाही कशाला म्हणेन? दर शुक्रवारी एक कागद भरायचा होता. काय आवडलं, काय अडचण आली, खाली सही. पहिला महिना मी मनापासून भरला, खोटं कशाला बोलू. झाकण झकास होतं. आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बटाटे उकडले, ते त्या झाकणाच्या कौतुकापायी.

पाचव्या आठवड्यात कडी सैल पडली. रोजच्या वाफेने असेल. बघून कळायचं नाही, हाताला मात्र कळायचं, फिरवताना पूर्वीसारखी अडत नव्हती. कळलं आणि तरी मी एका हातानेच ओतायला गेले. झाकण सुटलं आणि उकळतं पाणी डाव्या मनगटावर आलं. हे धावत आले, हात नळाखाली धरून उभे राहिले आणि मग मला दवाखान्यात घेऊन गेले.

परत येताना म्हणाले, "आता तिला सांग."

"मुळीच नाही. इस्त्री लागली म्हणून सांगायचं."

"अगं, वस्तूत खोट आहे."

"बाकीच्या पाच घरांत कळेलच की. त्यांना सांगू देत. मीच कशाला तोंडघशी पाडू पोरीला?"

ह्यांनी मान हलवली आणि आमची अळीमिळी गुपचिळी ठरली. मी लांब बाह्यांचे ब्लाउज काढले. शुक्रवारी कागद पुढे घेतला. काय अडचण आली? पेन तिथे बराच वेळ टेकलेलं होतं. मग मी लिहिलं, काही नाही.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. शिवणाच्या डब्यातून मी बोटभर रुंद इलॅस्टिक काढलं, त्याचा गोल शिवला, दुहेरी टीप मारली आणि स्वयंपाक करताना तो झाकणावरून दोन्ही कानांत अडकवायला लागले. झाकण असं गच्च बसायचं की बिशाद नाही सुटायची. साडेसहाला सून यायची. सव्वासहाला मी इलॅस्टिक काढून परत डब्यात टाकायचे. तीस वर्षांत एक वाकडा शर्ट माझ्या हातून सुटला नव्हता, आणि आता मीच चूक शिवून झाकत होते. आणखी चार शुक्रवार, आणखी चार कागद. काही नाही, काही नाही, काही नाही, काही नाही.

चाचणी संपल्यावर दोनतीन आठवडे सगळं शांत होतं. कंपनीतून काही कळलं नाही तेव्हा मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असणार, होतंय दुरुस्त. मग त्या मंगळवारी ती घरी आली ती जवळजवळ पळतच. चपलासुद्धा दारात उलट्यासुलट्या पडल्या. मी त्याही काही न बोलता सरळ केल्या.

"आई, पास झालं. परवा, गुरुवारी, साचा कापायला घेणार."

मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

तिने मला स्टुलावर बसवून समजावलं. प्लास्टिकची वस्तू पोलादी साच्यात ओततात. साचा कापायलाच महिना लागतो. पोलाद खरवडून कमी करता येतं, पण एकदा कापलं की परत चिकटवता येत नाही, म्हणून कापायच्या आधी चारचारदा विचार करतात. "बाकीच्या घरांनी काही ना काही सांगितलं. रंग आवडला नाही, जड वाटतं. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत काय कळणार, लांब मुदतीची चाचणी दाखव. मी तुमचे नऊ कागद त्यांच्यापुढे ठेवले. नवाच्या नवांवर, अडचण काही नाही. साहेबांनी तिथेच सही केली." ती माझे दोन्ही हात धरून हलवत होती. डावा जरा दुखला, पण मी तोंड हसरं ठेवलं. "पहिल्या खेपेला चाळीस हजार निघणार आहेत, आई. आणि पहिलं झाकण तुमचं."

चाळीस हजार. मी स्वयंपाकाला लागले आणि डोक्यात तेवढा एकच आकडा. चाळीस हजार घरं, आणि घरटी एक मनगट तरी धरा. जेवताना मला घास उतरेना. तिला वाटलं, आनंदाने.

सकाळी आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी उठतो. चहा ह्यांनी केला. माझ्यासमोर कप ठेवून हे म्हणाले, "शर्ट असता तर काय केलं असतंस?"

"शर्ट असता तर पट्टी लावली असती."

"मग?"

"शर्ट घर सोडून जात नाही हो."

हे चहा ढवळत बसले, साखर घातलीच नव्हती तरी. मग म्हणाले, "सांगितलंस तर ती कदाचित जाईल. नाही सांगितलंस तर कुणाचा तरी हात नक्की भाजेल. मला एवढंच कळतं." ते कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा राग येण्याइतकं बरोबर बोलतात. मला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. पण चहा संपेपर्यंत माझं ठरलं.

धाकटा शाळेत गणित शिकवतो, तो सातलाच गेला. सून आठला निघते. ती डबा घ्यायला स्वयंपाकघरात आली तेव्हा मी पातेल्यात कच्चे बटाटे आणि नळाचं पाणी भरून तयार होते. गार पाणी मुद्दाम, एकदा भाजून घेतलं तेवढं पुरे.

"दोन मिनिटं बस," मी म्हटलं. "लोकांच्या घरी बसतेस तशी. बोलायचं नाही, मदत करायची नाही."

ती हसली आणि स्टुलावर बसली. मी इलॅस्टिक न लावता झाकण फिरवलं, पातेलं तिरपं केलं. पाणी छान निथळलं. झाकणानेही माझीच परीक्षा बघायची ठरवलेली. परत पाणी भरलं, परत तिरपं केलं, परत निथळलं. ती घड्याळाकडे बघायला लागली. तिसऱ्यांदा जरा जास्त कलतं केलं आणि झाकण सुटलं. सगळे बटाटे सिंकमध्ये गडगडले आणि पाणी माझ्या कोपरापर्यंत उडालं.

ती उठून उभी राहिली. आधी झाकणाकडे बघितलं, आत बोट घालून कडी फिरवून बघितली. मग माझ्या ओल्या बाहीकडे बघितलं.

"आई, बाही वर करा."

मी केली. मनगटावर गुलाबी डाग होता, कातडी चुणलेली.

"इस्त्री ना?"

"इस्त्री नाही."

"कधी?"

"पाचव्या आठवड्यात."

"आणि नंतरचे कागद?"

मी शिवणाचा डबा उघडून इलॅस्टिक तिच्या हातावर ठेवलं. तिने ते ताणून बघितलं, दुहेरी टीप बघितली. हुशार मुलगी, विचारायची गरजच पडली नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि मान लाल झाली होती. तिने झाकण पुसलं, इलॅस्टिक आणि झाकण पिशवीत घातलं आणि गेली. रोज दारातून "येते हं आई" म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही. डबाही ओट्यावरच राहिला.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सिंकमधले बटाटे गोळा केले. लादी पुसली, कोरडी झाली तरी पुसत राहिले. दुपारी त्यांच्या खोलीत डोकावून आले. प्रवासाची बॅग कपाटावर होती, तरी धीर येईना, खुर्चीवर चढून ती उचलून बघितली. रिकामी होती. हे दारात येऊन उभे राहिले होते. "उतर खाली, पडशील," म्हणाले. मी खुर्चीवरूनच रडायला लागले. दोन वर्षं तोंडाला कुलूप लावलं, आणि कुलूप लावूनही व्हायचं तेच होणार होतं. बोलून एक गेली आणि न बोलून दुसरी. मग मी कुठे चुकले नाही ते तरी कुणी सांगा.

साडेसहा वाजले, सात वाजले. धाकटा आला, त्याला ह्यांनी सगळं सांगितलं, तो फोन करायला गेला तर तिचा फोन बंद. मी भाजी केली. काय करत होते त्याकडे लक्षच नव्हतं, हात आपले चालत होते. पावणेआठला दार वाजलं. ती आत आली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि थेट स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. दमलेली दिसत होती.

मी विचारलं, "साचा?"

"थांबवला. साचेवाले काका पोलादाचा ठोकळा मशीनवर चढवतच होते. आता चार महिने पुढे गेलं."

"आणि तू?"

"मला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की नऊ आठवड्यांच्या अहवालातले पाच आठवडे खोटे आहेत आणि तो अहवाल माझ्या घरचा आहे. साहेबांनी विचारलं, मग खरा अहवाल कुठाय? मी इलॅस्टिक टेबलावर ठेवलं. म्हटलं, हा."

"बोलले असतील."

"भरपूर बोलले. बोलायलाच हवं होतं. झाकण काढून नाही घेतलं, पण आता प्रत्येक गोष्ट तीनदा दाखवावी लागणार." तिने केसांतली पेन्सिल काढून परत खोचली. "त्याचं मला काही नाही, आई. वस्तू चुकतात, म्हणून तर चाचणी करायची. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

मी गॅसकडे बघत होते. तिच्याकडे बघून बोलवेना. "थोरलीला सांगत गेले," मी म्हटलं. "पडद्याचं, चादरीचं, सगळं. ती गेली. तिच्याबरोबर माझा मुलगा गेला. मग मी ठरवलं, तुला काही म्हणायचं नाही. मला वाटलं, तूही जाशील."

"म्हणून हात भाजून घेतलात?"

"हात काय, बरा होतो."

ती एकदम रडायला लागली, आणि रडता रडता चांगलीच चिडली. "तुम्हाला माहितेय का, घरच्या माणसाला चाचणीला घ्यायचंच नाही असा आमच्याकडे नियम आहे? साहेब म्हणाले, घरचे लोक गोडगोड बोलतात, त्यांचा उपयोग नाही. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझ्या सासूबाई तीस वर्षं तपासणीला होत्या, त्या ब्रह्मदेवालाही सोडायच्या नाहीत. मी तुम्हाला सासू म्हणून नव्हतं दिलं झाकण. तपासायला दिलं होतं."

"तुला कुणी सांगितलं, मी कशी तपासायचे ते?"

"ताईंनी."

थोरलीला ती ताई म्हणते. मला हेच माहीत नव्हतं की त्या दोघी एकमेकींशी बोलतात.

"दर आठवड्याला बोलतो," ती म्हणाली. "मीच त्यांना विचारलं होतं, झाकण कुणाला देऊ. त्या म्हणाल्या, आईंना दे. बोलतील, रडवतील, पण त्यांच्या टेबलावरून चुकीचा शर्ट कधी बाहेर गेला नाही. अजूनसुद्धा चादर घातली की मी आधी चारी कोपरे बघते, म्हणाल्या."

"रागाने म्हणाली?"

"नाही. हसत होत्या. कंटाळल्या होत्या तेव्हा, हे पण म्हणाल्या. पण हसत होत्या."

मी स्टूल ओढून बसले. ती माझ्यासमोर लादीवर बसली आणि माझा डावा हात मांडीवर घेऊन तो डाग बघायला लागली.

"दोन वर्षं मी वाट बघतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही नळवाल्याला बोलता. ह्याला बोलता. बाबांना तर उठल्यापासून बोलता. मी एकदा करपलेला टोस्ट दिला, तोसुद्धा छान गं. पाहुण्यांना म्हणतात तसं. मला वाटायचं, ह्या घरात मला अजून कुणी धरतच नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर केसांतली पेन्सिल टोचली. "चिमटे भिकार होते," मी म्हटलं. ती रडतच हसली. "ह्यांचं बनियन समोरच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं होतं. साबणाच्या डबीला खाली भोकं नाहीत, साबणाचा चिखल होतो. झाडूचा दांडा चार बोटं आखूड आहे. आणि तू चपला काढतेस ना दारात..."

"हं. काय करते?"

"कुठेही फेकतेस. काल मीच सरळ केल्या."

"अजून?"

"अजून पुष्कळ आहे. आता जेवायला चला आधी."

आम्ही चौघं जेवायला बसलो. धाकट्याचे आणि ह्यांचे कान स्वयंपाकघराकडेच होते इतका वेळ, पण दोघंही साळसूदपणे ताटाकडे बघत होते. मी सगळ्यांना वाढलं, मग स्वतः घेतलं. ह्यांनी पहिला घास खाल्ला, थोडं थांबले आणि पाण्याचा ग्लास उचलला. धाकट्याने भाजीत आणखी भात कालवला. दोघं मुकाट्याने जेवायला लागले. सूनबाईंनी एक घास घेतला, चावला, गिळला आणि चमचा खाली ठेवला.

"आई."

"काय गं?"

"भाजी खारट झालीय. खाववत नाही."

धाकट्याचा हात तोंडापाशीच राहिला. ह्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, दोन बसच्या मध्ये सापडलेल्या माणसासारखं. मी चव घेतली. खारट कसली, समुद्र होता नुसता. दिवसभराच्या तंद्रीत दोनदा मीठ पडलं होतं, कदाचित तीनदा. आणि हे दोघे बापलेक ते गिळत होते.

उभ्या आयुष्यात मी हजारो बायकांचं काम परत पाठवलं. माझं काम कुणी परत पाठवलं नव्हतं. नोकरीत कुणाची हिंमत नव्हती आणि घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. किती खारट भाज्या ह्या लोकांनी निमूटपणे खाल्ल्या असतील, देव जाणे. मी पातेलं उचललं, त्यात पाणी ओतलं आणि परत गॅसवर चढवलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती ते बरं झालं, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जन्मात कधी नव्हतं इतकं मला बरं वाटत होतं.

मी सवयीने मिठाच्या डब्याकडे हात नेला. मागून ती आली आणि म्हणाली, "त्याला आता हात लावू नका. लागलं तर मी घालीन."

"बरं," मी म्हटलं आणि डबा तिच्या हातात दिला.